नव्या पेठेतलं जपानी भूत

आमच्या मेसच्या शकूताई गेल्या वर्षी भूत झाल्या. काळजीचं कारण नाही, त्या ठणठणीत आहेत. आजच दुपारी त्यांच्या हातची मेथीची भाजी आणि दोन पोळ्या खाऊन मी हे लिहायला बसलो आहे. पण नव्या पेठेत हल्ली ‘भुताची मेस कुठं’ असं विचारलं तर पोरं बिनचूक बोट दाखवतात, आणि शकूताईंना त्याचा राग येत नाही. उलट त्या हात पुसत दारात येऊन उभ्या राहतात.

मी तिथं जेवायला लागलो त्याला तीन वर्षं झाली. आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून बेंगळुरूला गेली ती तिथंच रमली. मला तिथली हवा मानवते, पण जावई मानवत नाही, म्हणून मी पुण्यात. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जगातल्या सगळ्या धान्यांचे पट्टे नकाशावर दाखवू शकतो, पण त्यांतल्या एकाचंही काही शिजवता येत नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या रांगेत ताट घेऊन उभा राहणारा मी तिथला एकमेव पेन्शनर. मुलं मला सर म्हणतात आणि पापड आधी घेतात.

शकूताई मूळच्या वडशाकडच्या, पार पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या. नवरा हिंमतराव हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त होऊन मेसची भाजी आणतात. मुलगी उत्कर्षा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमध्ये बसते आणि रात्री जेवणाच्या वेळेला उगवते. आईच्या मेसची तिला लाज वगैरे अजिबात नाही, ऑफिसातल्या लोकांना जेवायला घेऊन येते. तिचं दुखणं वेगळंच होतं. तिचा आईवर विश्वास नव्हता.

म्हणजे असं, की लग्नाआधी शकूताईंनी तीन हंगाम नाटकांत काम केलं होतं. त्यांच्याकडे धानाची कापणी उरकली की गावोगाव नाटकं लागतात. रात्री दहाला पडदा वर जातो, तो पहाटे कोंबडं आरवल्यावर खाली येतो, आणि हजारो माणसं घोंगड्या पांघरून शेतात बसलेली असतात. विसाव्या वर्षी शकूताईंनी तिथं छळवादी सासू केली, पुढच्या वर्षी दरोडेखोराची बायको, आणि दोन्हींना म्हणे शेवटच्या रांगेपर्यंत शिव्या मिळाल्या. पण याचा पुरावा शून्य. एकच फोटो आहे, त्यात शकूताई नेमक्या नायकाच्या फेट्यामागे उभ्या. साक्षीदार एकच, हिंमतराव. त्यांनी लग्नाआधी त्यातलं एक नाटक पाहिलं होतं, पण दुसऱ्या अंकात त्यांना झोप लागली आणि शकूताईंचा प्रवेश तिसऱ्या अंकात होता. माणूस सरळ असल्यामुळे हे त्यांनी लपवलंही नाही.

त्यामुळे विषय निघाला की उत्कर्षा म्हणायची, आई नाटकात होती म्हणजे पडदा ओढायला असेल. सगळे हसायचे, शकूताईही हसायच्या. एकदा मात्र मी उशिरा जेवायला गेलो होतो, कोणी नव्हतं, तेव्हा त्या ताक वाढता वाढता म्हणाल्या, “सर, बाकी काही नाही जी. एक वेळ तिनं मला काम करताना पाहावं, एवढंच वाटते.” मी ताक अजून मागितलं.

आता भुताकडे येतो. आमोद नावाचा एक मुलगा मेसला होता. कोथरूडचा, घर असताना मेसमध्ये जेवणारा, कारण त्याच्या मते घरी राहून सिनेमा सुचत नाही. कॉलेजात तो सिनेमा बनवण्याचाच अभ्यास करत होता आणि शेवटच्या वर्षाला त्याला अठरा मिनिटांची फिल्म करून द्यायची होती. तीही भुताची, आणि भूतही जपानी. आपल्याकडची भुतं त्याला पसंत नव्हती. त्यांचे पाय उलटे असतात, ती खदाखदा हसतात, त्यांना कोंबडं-नारळ दिलं की ती निघून जातात, सगळा व्यवहारच. जपानी भुताला काही देऊन चालत नाही. त्याचा राग कोणा एकावर नसतो, घरात पाय टाकेल त्याच्यावर असतो. ते पळत नाही, बोलत नाही, कोपऱ्यात नुसतं उभं असतं. मोकळे ओले केस चेहऱ्यावर, अंगात पांढरं. आणि चेहरा कधीही दिसत नाही, फार तर एक डोळा. हे सगळं आमोदने एका कागदावर लिहून काढलं होतं आणि जेवताना तो कागद ताटाशेजारी ठेवायचा. आमटीचे डाग पडून तोही भुताचा दिसायला लागला होता.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे विसरून आमोद एकदा जेवायला आला आणि कोणी दिसेना म्हणून वर गच्चीवर गेला. शकूताई न्हाऊन केस वाळवत पाठमोऱ्या उभ्या होत्या. एरवी त्यांच्या डोक्याला कायम फडकं असतं. मेस सुरू केली त्याच महिन्यात एका मुलाच्या आमटीत केस निघाला होता. तो मुलगा काही बोलला नाही, ताट सरकवून उठला आणि पुन्हा आला नाही. त्याला सतरा वर्षं झाली, पण शकूताईंना त्याचं नाव-गाव आणि त्या दिवशीची भाजी अजून पाठ आहे. तेव्हापासून मोकळ्या केसांनी त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यामुळे ते केस गुडघ्यापर्यंत पोचतात हे आम्हां कोणालाच माहीत नव्हतं. आमोद जिन्यातून जो उलटा पळाला तो थेट माझ्याकडे. सर, घोस्ट मिळालं, म्हणाला.

शकूताईंनी भूत व्हायला एका मिनिटात होकार दिला. पुढची गोष्ट ऐकून मात्र त्या एका ठिकाणी अडल्या. आमोदची गोष्ट अशी होती, की एक मेसवाली बाई एकटी राहत असते, ती घरातच मरते, आणि तीन दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. मुलं दुसरी मेस धरतात. पुढं त्या इमारतीत एक नवी मुलगी राहायला येते आणि तिला रोज दुपारी दीडला अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागतो, ‘डबा दाराशी ठेवला आहे.’ दार उघडावं तर डबा असतो आणि ओली पावलं असतात. शकूताईंनी विचारलं, तीन दिवस कोणीच आलं नाही? आमोद म्हणाला, काकू, फिल्ममध्ये. त्या म्हणाल्या, हो रे बाबा फिल्ममध्येच, पण तीन दिवस? मग त्यांनी त्याच्या ताटात न मागता पोळी टाकली.

अडचणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. डब्यात काय निघतं, तर आमोदच्या कागदाप्रमाणे लांब काळे केस. शकूताईंनी सांगितलं की माणसं मारायची असतील तितकी मारते, पण माझ्या डब्यात केस निघणार नाही. आमोदने समजावलं की तो डबा त्यांचा नाही, भुताचा आहे. शकूताई म्हणाल्या, हात माझा दिसणार, डबा माझा दिसणार, आणि माझी चाळीस पोरं ते बघणार. पाऊण तास वाद झाला. शेवटी डब्यात नुसतं पाणी ठेवायचं ठरलं, काठोकाठ आणि गार. खरं सांगायचं तर ते जास्त भयंकर दिसलं.

नंतर पांढऱ्या साडीचं निघालं. हिंमतराव एरवी मेसमध्ये कांदा चिरण्यापलीकडे मत देत नाहीत. ते कांदा चिरायचे थांबले आणि म्हणाले, मी अजून आहे. मग दुकानं पालथी घालून एक फिकट पिस्त्याच्या रंगाची साडी आणली आणि ती पांढरी दिसेल अशी खटपट कॅमेरावाल्या सौमित्रने केली. बांगड्या काढायलाही शकूताई तयार नव्हत्या. जपानी भूत वाजत नाही, म्हणून बांगड्यांना कापूस गुंडाळला. कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातलं मंगळसूत्र केसांमागं झाकलं जाणार होतं, तेव्हा त्यावर चर्चाच झाली नाही. चेहऱ्याला रंगरंगोटीही नको, दिसणारच नाही तर कशाला, असं आमोद म्हणाला.

इथं शकूताईंनी कान टवकारले. दिसणारच नाही म्हणजे?

कागद होताच. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. तेव्हापासून रोज पोळ्या वाढताना त्या एकदा विचारायच्या, चेहरा कधी? आमोद रोज सांगायचा, काकू, फेस रिव्हील केला की भीती संपते, जॅपनीज भुतांना चेहरा नसतो. एकदा त्या म्हणाल्या, “त्यांना मायबाप असतील ना? मग चेहरा असलाच पाहिजे.” पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यांना तो चेहरा कोणासाठी हवा होता हे मला ठाऊक होतं. पुन्हा एकदा फेट्यामागे उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली होती, या वेळी फेटा त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर उगवलेला होता. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. घेतलेलं काम मध्ये टाकायचं नसतं, म्हणाल्या.

तालमी मात्र बघण्यासारख्या होत्या. पहिल्या दिवशी आमोदने सांगितलं, काकू, दारातून या. शकूताई दारातून आल्या त्या अशा हसल्या की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमा झाले आणि खालच्या दुकानातला शंभू फोन हातात घेऊन धावत आला. त्यांच्याकडे भूत म्हणजे शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचायला हवं. आमोद म्हणाला, हसायचं नाही, ओरडायचं नाही, हातवारे नाहीत. मग करायचं काय? काहीच नाही. काहीच न करायला मला कशाला बोलावलं, असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न बिनतोड होता. पण बाई हुशार. आठ दिवस त्या मेसमध्ये सावकाश चालण्याचा सराव करत राहिल्या. भाजीची बादली घेऊन एकेक पाऊल टाकत यायच्या, चेहऱ्यावर काही नाही, डोळे समोर. दोन मुलांनी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. परीक्षा जवळ आलेली पोरं, आधीच हळवी.

मलाही भूमिका होती. असल्या फिल्ममध्ये शेजारी एक म्हातारा लागतो, त्याला सगळं माहीत असतं आणि तो ते फार उशिरा सांगतो. मी चार मिनिटं बोललो. इमारतीचा इतिहास, पाण्याची टाकी, त्या बाईचा स्वभाव, सगळं मुद्देसूद. आमोदने त्यातली अकरा सेकंद ठेवली. शाळेतही साधारण तेवढंच मुलांच्या लक्षात राहायचं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

शेवटचा दिवस माझ्या घरी होता. शेवटचा प्रसंग स्वयंपाकघरातला, आणि शकूताई आपल्या स्वयंपाकघरात केस सोडून पाऊल टाकणार नाहीत हे स्पष्ट होतं. माझं स्वयंपाकघर पुण्यातलं सर्वांत स्वच्छ असावं, कारण तिथं काही होत नाही. जिथं कोणी जेवणार नाही तिथं चालेल, असं त्या बराच विचार करून म्हणाल्या. दुपारचे तीन वाजले होते. पोरांनी खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली. नायिकेचं काम करणारी अवनी ओट्याशी उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात वाटीभर पोह्यांखेरीज काही गेलं नव्हतं, शूटिंगमध्ये जेवणाची वेळ कोणी धरत नाही. ती चहासाठी दूध तापत ठेवते, मागून भूत येतं, सात पावलं, खांद्यावर हात, अंधार. संपली फिल्म. दूध माझं होतं, अर्धा लिटर, संध्याकाळच्या चहाचं.

पहिला टेक सौमित्रने बिघडवला. दुसरा चांगला झाला, आमोद खूश झाला, पण एक जास्तीचा हवा म्हणाला. पुन्हा गॅस लावला. शकूताई दारात आल्या. मी फ्रिजच्या आड उभा होतो आणि मला हाक मारायची मनाई होती. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. अवनी ठरल्याप्रमाणे समोरच्या भिंतीकडे बघत गोठलेली. आमोद छोट्या पडद्यात डोळे घालून. दूध दोनदा तापलेलंच होतं, ते भराभर वर यायला लागलं होतं आणि ते फक्त मला दिसत होतं, असं मला वाटलं. पण सतरा वर्षं रोज सहा लिटर दूध तापवणाऱ्या बाईला ते बघावं लागत नाही. तिला ते ऐकू येतं.

चौथ्या पावलाला शकूताईंचे दोन्ही हात वर गेले. सगळे केस त्यांनी एका हिसक्यात मागे घेतले, पीळ दिला, अंबाडा घातला, अवनीच्या खांद्यावरून हात नेऊन गॅस बंद केला आणि दुधावर एक हलकी फुंकर मारली. साय काठाला टेकली आणि खाली बसली. मोकळ्या केसांनी गॅसपाशी जायचं नाही, हे त्यांच्या हातांना डोक्याच्या आधी आठवलं होतं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कॅमेरा चालू आहे. दुसरं कोणी असतं तर जीभ चावली असती, सॉरी म्हटलं असतं. पण झाडीपट्टीत चूक झाली म्हणून रंगमंच सोडत नाहीत. तिथं तलवार मोडते, पडदा पडतो, कुत्रं मध्ये येतं, नट त्यातूनच पुढं जातो. शकूताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मान वळवून अवनीकडे पाहिलं. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, घाम आलेला साधा चेहरा. त्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि मायाही नव्हती. तीन दिवस वाट बघितलेल्या माणसाचा तो चेहरा होता. अगदी हळू, शेवटच्या काय पहिल्या रांगेलाही जेमतेम पोचेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “जेवली का?”

अवनीला हे माहीत नव्हतं. ती “नाही” म्हणाली.

कोणी कट म्हणालं नाही. माझ्या हाताला फ्रिजचं हँडल लागलं होतं ते मी घट्ट धरलं, एवढं मला कबूल केलं पाहिजे. भूगोल शिकवलेल्या माणसाचा भुतांवर विश्वास नसतो. पण त्या मिनिटाला माझ्या घरात एक मेलेली बाई उभी होती आणि ती मला ताट वाढणार होती.

मग आमोद भानावर आला आणि सगळं फिसकटलं म्हणाला. चेहरा दिसला, भूत बोललं, भुताने गॅस बंद केला. कागदावरचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. शकूताईंनी माफी मागितली, पण दूध उतू जाऊ देणं जमलं नसतं, हेही सांगितलं. असं का विचारलंत, हे आमोदने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर राग असेल तिला. पण मेसवाली माणूस दिसलं की पहिलं तेच विचारते. दुसरा टेक आहेच, तोच घेऊ, असं म्हणून आमोदने सामान आवरलं. शकूताईंनी केसांना फडकं बांधलं आणि संध्याकाळच्या कणकेसाठी निघून गेल्या. जिन्यात त्यांनी एकदा विचारलं, दुसऱ्यात चेहरा नाही ना? नाही, मी म्हणालो. बरं, त्या म्हणाल्या.

मला राग आला. मी सहसा दुसऱ्याच्या सिनेमात नाक खुपसत नाही, माझ्याच सिनेमाची अकरा सेकंद झालेली. पण दोन दिवसांनी आमोद जेवायला आला तेव्हा मी त्याच्यासमोर ताट ठेवून बसलो आणि विचारलं, की तिसऱ्या टेकला तू कट का म्हणाला नाहीस. घाबरला होतास का? तो कागदाशी चाळा करत म्हणाला, “हो सर. खूपच. पण ते रूलमध्ये बसत नाही.”

“अरे, तू स्वतः घाबरलास,” मी म्हणालो, “मग बाकीच्यांना कशाला वाचवतोस?”

तो भात अर्धा टाकून उठला, आणि त्याबद्दल त्याला शकूताईंनी ऐकवलं ते वेगळंच.

पुढच्या शनिवारी दुपारी चारला कॉलेजच्या सभागृहात सगळ्या मुलांच्या फिल्म दाखवणार होते. मेस दुपारी लवकर आटपली. शकूताईंनी जांभळी रेशमी साडी नेसली, हिंमतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन कप कडक चहा घेतला. उत्कर्षाला सुट्टी होती, ती आली, पण तिने येतानाच सांगितलं की आईचे केस बघायला येतेय, बाकी भुताच्या फिल्म मी जेवताना बघते, मला काही होत नाही. खरंच आहे ते. ती पोरगी असल्या फिल्म बघत शेंगदाणे खाते. आम्ही चौघे मधल्या रांगेत बसलो. मी, हिंमतराव, मग शकूताई आणि पलीकडे उत्कर्षा. शकूताई ताठ बसल्या होत्या. आमोद कोणता टेक लावणार हे आम्हां कोणालाही माहीत नव्हतं. तो पुढच्या रांगेत होता आणि मागे वळून बघत नव्हता.

अंधार झाला. मेसेज आला, डबा दिसला, काठोकाठ पाणी दिसलं. माझी अकरा सेकंद येऊन गेली. कोपऱ्यात ती फिकट आकृती उभी राहायला लागली आणि सभागृहातली कुजबुज थांबली. उत्कर्षा आईच्या कानाशी लागून म्हणाली, चालणं भारी झालंय हं, खरंच तूच आहेस ना? शकूताई हूं म्हणाल्या.

मग माझं स्वयंपाकघर आलं. अवनी, गॅस, दूध. दारात केस. एक पाऊल, दोन, तीन. मी पडद्याकडे बघायचं सोडून शकूताईंकडे बघत होतो. चौथं पाऊल पडलं. पुढं हात खांद्यावर आला असता तर सगळं संपलं होतं.

हात वर गेले.

केसांचा अंबाडा झाला तेव्हा मागे कोणीतरी हसलं. गॅस बंद झाला तेव्हा चारपाच जण हसले, फुंकर मारली तेव्हा अजून काही. मग तो चेहरा वळला. पडदाभर झाला. एकेक हसू जिथल्या तिथं बंद पडत गेलं, आणि आमच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने किंचाळलं. ती उत्कर्षा होती. तिने आईचा दंड दोन्ही हातांनी धरला होता आणि तोंड आईच्या खांद्यात खुपसलं होतं, लहान मूल खुपसतं तसं. हिंमतराव टक्क जागे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझंही फार बरं चाललं नव्हतं.

“जेवली का?” पडद्यावरच्या शकूताईंनी विचारलं.

“अगं, घाबरते काय,” खुर्चीवरच्या शकूताई हळूच म्हणाल्या, “मीच आहो ना ती.”

“माहितीय गं आई,” उत्कर्षा खांद्यातून तोंड न काढता म्हणाली. “तरी भीती वाटतेय.”

शकूताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोपटत राहिल्या. नजर मात्र त्यांनी पडद्यावरून शेवटपर्यंत हलवली नाही.